एक तळवा आमचा

विमानाच्या दारात उभं राहून हसायचं काम तिने इतकी वर्षं केलं होतं की हसू आता तिची परवानगी घेत नसे. माणूस समोर आला की ते आपलं तोंडावर येऊन बसे, माणूस आत गेला की उठून जाई. त्या दुपारीही तसंच चाललं होतं. एक पोट सुटलेले गृहस्थ, स्वागत आहे. कडेवर मूल आणि खांद्याला दोन पिशव्या अडकवलेली बाई, स्वागत आहे, सावकाश. कानात इअरफोन घालून, तिच्याकडे न बघता आत शिरलेला एक तरुण, त्याचंही स्वागत आहेच. आणि मग विमानाला जोडलेल्या पुलाच्या वळणावर, दोन माणसांच्या मागे, राखाडी स्वेटर घातलेला तिचा नवरा. हसू तोंडावर तसंच राहिलं. तिला ते खाली उतरवता येईना. ओठ दातांवरून सरकलेले ते सरकलेलेच. तो मान खाली घालून बोर्डिंग पास चाचपत होता, त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. मागे त्याची जुनी निळी बॅग होती, नोकरीत असताना वापरायचा ती, आणि तिचं एक चाक पुलाच्या पत्र्यावर करकरत होतं.

तो इथे असायला नको होता, आणि खरं म्हणजे तीही नको होती. घरी फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या तिच्या रोस्टरप्रमाणे ती या वेळी भलत्याच विमानात, भलत्याच गावाच्या वाटेवर असायची होती, रात्रीचा मुक्काम तिथेच. पण सकाळी क्रू-रूममध्ये एक सहकारी गळ्यात पडली. मुक्कामाच्या गावी तिचं माहेर होतं, आई आजारी होती. मॅम, तुमचं विमान मला द्या आणि माझं दुपारचं तुम्ही घ्या, जाऊन येऊन संध्याकाळी घरी. तिने उपकार केल्यासारखा चेहरा करून हो म्हटलं, पण मनातून तिलाच ते हवं होतं. संध्याकाळी न कळवता घरी जायचं, बेल वाजवायची आणि दार उघडताना नवऱ्याचं तोंड कसं होतं ते बघायचं. गेले काही दिवस तिचा जीव एवढ्याशाच गोष्टीवर टांगला होता. गेल्या आठवड्यात जेवता जेवता तो म्हणाला होता, ‘‘मला आता नाही जमत. मी ताईकडे जाऊन राहतो.’’ ‘‘किती दिवस?’’ तिने विचारलं होतं. त्याने भाजी वाढून घेतली. ‘‘कायमचा?’’ वाडगा जागेवर ठेवताना त्याने तिच्याकडे असं बघितलं की तीच उठून पाणी आणायला गेली. नंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. तिला वाटलं, टळलं. आता पुलावरच्या त्या करकरीत तिला कळलं की फ्रिजवरचं रोस्टर ती एकटीच वाचत नव्हती. तोही याच धंद्यातला. ताईच्या गावाला जाणारं, पण ती जिथे नसेल असं विमान त्याने शोधून काढलं होतं. क्रूमधल्या माणसालाच सुचावी अशी चोख आखणी, आणि चूकही क्रूमधल्या माणसाचीच. रोस्टर ही सकाळच्या चहाबरोबर बदलणारी वस्तू आहे हे नोकरी सुटल्यावर तो विसरला असावा.

मग त्याने मान वर केली. मागे फिरायला जागा नव्हती, पूल माणसांनी गच्च भरला होता. समोरचे दोघे आत गेले आणि तो तिच्यासमोर आला, बोर्डिंग पास सवयीने आकडा वर दिसेल असा धरून. ‘‘तू?’’ तो म्हणाला. ‘‘स्वागत आहे,’’ ती म्हणाली, कारण तोंडात तेच होतं. मग हळूच, ‘‘पुढे चल. मागे लोक आहेत.’’ चौदा क. रांगेतली आतल्या वाटेकडची सीट, पाय मोकळे करायला उठता येईल अशी, म्हणजे पाठीचा विचार करून घेतलेली. पाठीच्या आधाराचा पट्टा दिसू नये म्हणून तो बारा महिने घालायचा त्या स्वेटरखाली कमरपट्ट्याची कड उमटली होती. तो पट्टा रोज सकाळी तीच आवळायची. आज तिने पहाटे निघताना आवळला नव्हता, तो झोपलेला होता, म्हणजे तसा पडून होता. कुणी आवळला मग? स्वतःच आवळला असेल, आरशासमोर, श्वास रोखून. ती दारातून पुढच्या माणसाला स्वागत आहे म्हणाली.

आता त्या बॅगेचं काय होणार, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमायला लागलं. बॅगांपायी तिने आजवर कमी बोलणी खाल्ली नव्हती. तिकीट काय फुकट काढलंय का? तुम्हाला ठेवलंय कशाला, शोभेला? चहा देता, पाणी देता, मग एवढी बॅग वर ठेवायला हात झिजतात का? कधी कधी तर नुसती नजर, आणि ती जास्त लागे. आणि हेच ती नव्या मुलींना शिकवत असे. ट्रेनिंगच्या खोलीत विमानाचा एक लाकडी तुकडा करून ठेवला होता, तीन रांगा सीट आणि वरचे कप्पे, त्याच्यासमोर मुलींना उभं करून ती म्हणे, आपण बॅग उचलत नाही. दोन्ही हात प्रवाशाचे, एक तळवा आमचा. त्याने उचलली की आपण खालून फक्त हात लावायचा, बॅग हलली तर सावरण्यापुरता. कुणीतरी मुलगी विचारतेच, मॅम, आजीबाई असली तरी? आजीबाई असली तरी. शेजारच्या माणसाला विनंती करायची. आणि शेजारी कुणी नसलं तर? तर तुम्ही आणि आजीबाई. मुली हिरमुसतात. हसतमुख, मदतीला तत्पर अशी जाहिरात बघून आलेल्या असतात बिचाऱ्या. मग ती त्यांना सांगते की दिवसाकाठी एवढी विमानं, एका विमानात एवढी माणसं, प्रत्येकाची एक उचलायची म्हटलं तर सहा महिन्यांत तुमच्या पाठीचा भुगा होईल. आणि विमानाचं दार लागेपर्यंत कंपनीच्या लेखी आपण कामावरच नसतो, तोवर पाठ मोडली तर ती आपली आपण मोडली. तरीही कुणाचं समाधान झालेलं दिसत नसेल तर शेवटी ती म्हणते, आमचा एक सहकारी होता. एवढं बोलून ती पुढचं अगदी थोडक्यात सांगते.

तो सहकारी म्हणजे हाच, राखाडी स्वेटरवाला. सगळे त्याला हमालशेठ म्हणत. दिसली बॅग की उचल, असा त्याचा खाक्या. नियम त्याला ठाऊक नव्हता असं नाही, पण तो त्याकडे सरळ कानाडोळा करी. ‘‘माणूस बॅग हातात धरून वर बघत उभा असतो ना,’’ तो म्हणे, ‘‘तेव्हा त्याला बॅगेचं पडलेलं नसतं गं. एवढ्या गर्दीत आपण कुणाला दिसतोय का, ते तो बघत असतो.’’ ती तेव्हा नवी होती, केबिनच्या पुढच्या टोकाला उभी राहायची, आणि तिथून तिला मागच्या रांगांत त्याचे वर जाणारे हात दिसायचे. प्रत्येक बॅगेबरोबर त्याचा शर्ट पॅन्टमधून सुटायचा. ती लांबून आपल्या कमरेला बोट लावून खूण करायची, तो घाईघाईने शर्ट खोचायचा, की पुढच्याच बॅगेला पुन्हा बाहेर. त्यांचं प्रेम असं जमलं, एका शर्टाच्या खोचण्यावर, मधे दोनेकशे डोकी असताना. लग्नानंतरही ती खूण राहिली होती. पाहुण्यांत बसलेले असताना ती उगाच कमरेला बोट लावी आणि तो शर्ट नीट खोचलेला असूनही चाचपून बघी, आणि मग दोघांनाच हसू फुटे.

आणि मग ती बाई आली. लेकीच्या नव्या घरी चाललेली, बॅगेत कपड्यांच्या खाली दगडी खल घातलेला, बत्त्यासकट. लेकीला आवडतो म्हणून. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायचं तिच्या लक्षातही आलं नसेल. त्याने नेहमीसारखी एका झटक्यात उचलली, अर्ध्या उंचीवर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन येऊन गेलं, पण बॅग वर गेली, कप्पा लागला. बाई म्हणाली, देव तुझं भलं करो रे बाबा. त्याने तिला हसून दाखवलं, पूर्ण प्रवासभर चहा दिला, कप गोळा केले, आणि शेवटच्या माणसाला निरोप दिल्यावर तो मधल्या वाटेत गुडघ्यांवर बसला तो त्याला उठता येईना. पुढे कंपनीने हात वर केले. नियमाविरुद्ध उचललीत, आम्ही काय करणार. ऑपरेशन झालं, ते धड झालं नाही. एका पायाला मुंग्या कायमच्या राहिल्या. पाण्याने भरलेल्या बादलीएवढंही काही उचलायचं नाही, डॉक्टर म्हणाले. त्याला विमानतळावर टेबलामागची जागा देऊ केली होती, ती त्याने काही महिने सांभाळली आणि सोडली. लोक बॅगा ओढत समोरून जातात आणि मी बसून बघायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणाला.

तेव्हापासून तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ‘‘दे इकडे.’’ घरात दिवसभर हे दोन शब्द. भाजीची पिशवी, दे इकडे. पाण्याचा जग, दे इकडे. ओले कपडे, गॅसवरचं पातेलं, शेजाऱ्यांनी दिलेलं कलिंगड, दे, दे, अरे दे ना. कामावर ती दिवसभर हात बांधून उभी राही, लोकांच्या बॅगांकडे बघत, आणि घरी येताच हातांना जणू सुटका मिळे. तिला वाटे, प्रेम प्रेम म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पहिल्या वर्षी तो हसे. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, निदान माझं ताट तरी मला उचलू दे. ती ताट उचलता उचलता म्हणाली, बरं बाबा, उद्यापासून. मग तो गप्प राहायला लागला. ती स्वयंपाकघरात गेली की तो चोरून काहीतरी उचले, खुर्ची नाहीतर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि तिला आवाज आला की ती धावत येई, आणि तो चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा. एकदा ती खिडकीत होती. तिने बघितलं, तो खालून जिना चढतोय, दोन्ही हातांत मातीची कुंडी, छातीशी धरलेली. ती चपला न घालता तशीच खाली पळाली. अरे वेडा आहेस का, मरायचंय का तुला, असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडत तिने कुंडी त्याच्या हातातून ओढून घेतली, आणि चार पायऱ्या चढल्यावर तिचं लक्ष गेलं की कुंडीतल्या झाडाला लाल फीत बांधलेली आहे आणि आज आपला वाढदिवस आहे. ती वळली. तो तिथेच पायरीवर उभा होता, हात अजून कुंडीच्या आकाराचे. ‘‘नेतेस ना वर?’’ तो म्हणाला. ‘‘ने.’’ ते झाड अजून आहे, चांगलं वाढलंय, तिला त्याच्याकडे बघवत नाही.

‘‘सर, माफ करा, आम्हाला उचलायची परवानगी नाहीये.’’ नव्या मुलीचा आवाज तिला दारापर्यंत ऐकू आला. तिने दार सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि ती वाटेत घुसली. चौदाव्या रांगेपाशी बोळा बसल्यासारखी माणसं अडकली होती. तो बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्यासमोर तिनेच शिकवलेली नवी मुलगी, पाठ ताठ, हसू जागेवर, शब्द न शब्द पाठ. ‘‘तुम्ही उचला, सर. दोन्ही हात तुमचे, मी खालून आधार देते. असा नियम आहे.’’ ‘‘बरोबर आहे तुझं, बाळा,’’ तो म्हणाला. त्या मुलीला काय माहीत की वर्गात ऐकलेला तो सहकारी तिच्यासमोर उभा आहे. मागून एक गृहस्थ तडकले, ‘‘अहो, उचला की लवकर! सगळ्यांना बसायचंय.’’ खिडकीशी बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, ‘‘चांगला धडधाकट तर दिसतोय.’’ ते त्याने ऐकलं. तिने त्याला ऐकताना बघितलं. एवढ्या दोनेकशे माणसांत त्याच्या स्वेटरखाली काय आहे हे एकट्या तिलाच ठाऊक होतं.

नवी मुलगी बाजूला झाली. दोघं समोरासमोर आली, मधे निळी बॅग. दे इकडे, हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले. उचलावी, सरळ दोन्ही हातांनी उचलावी, या मुलीसमोर, या सगळ्यांसमोर, नियम गेला खड्ड्यात. तिचे हात पुढे झालेसुद्धा. आणि मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. जिन्यातलंच तोंड होतं ते. ‘‘नियम सांगा ना, मॅडम,’’ तो म्हणाला, हळू आवाजात, थोडा चेष्टेत, पण डोळ्यांत चेष्टा नव्हती, विनवणी होती. तिने एक हात मागे घेतला. ‘‘दोन्ही हात तुमचे,’’ ती म्हणाली. ‘‘एक तळवा आमचा.’’ त्याने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवून, जसं शिकवतात तसं. बॅग गुडघ्यांपर्यंत आली, छातीपर्यंत आली. तिने तळवा खाली घातला. नियमात तळव्याने किती जोर लावायचा ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्याचा तिने फायदा घेतला. बॅग वर गेली. त्याचा शर्ट स्वेटरखालून सुटून बाहेर आला. कितीतरी वर्षांनी त्या दोघांनी मिळून काहीतरी उचललं होतं.

पण तळवा गप्प बसत नाही. बॅग हलली की ती किती दिवसांची आहे हे तिच्या तळव्याला कळे, आयुष्यच त्यात गेलं होतं. दोन रात्रींची बॅग हाताला पोकळ लागते, आठवड्याची बॅग एका बाजूला कलते. ही कुठेच कलत नव्हती, पोकळही नव्हती. कोपरान्‌कोपरा दाबून भरलेली होती ती. तळाशी बुटांच्या टाचा लागल्या, दोन जोड, म्हणजे थंडीतलेसुद्धा. थंडी अजून कुठल्या कुठे होती. गेल्या आठवड्यात तिने जे विचारलं होतं आणि ज्यावर त्याने भाजी वाढून घेतली होती, त्याचं उत्तर तिच्या हातावर ठेवून तो शांतपणे सीटवर बसला. तिने कप्पा लावला. खटका लागल्याचा आवाज आला, नेहमीचाच. ‘‘धन्यवाद, मॅडम,’’ तो म्हणाला. मागचे गृहस्थ म्हणाले, ‘‘झालं एकदाचं.’’

दार लागलं, विमान वर गेलं. पुढचा सगळा वेळ तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. चहा, कॉफी, साखर हवी का, उशा संपल्या. चौदाव्या रांगेत तिने नव्या मुलीला पाठवलं आणि स्वतः मागच्या गॅलीत, विमानाच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, जाऊन थांबली, ट्रेच्या खणांना टेकून. तो येणार हे तिला माहीत होतं. फार वेळ बसून राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो आला, हातात चहाचा कागदी कप, एक पाय किंचित ओढत. पडदा सरकवून आत उभा राहिला. इथेच, अशाच एका गॅलीत, त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं, दोन्ही हातांत उष्टे ट्रे असताना.

‘‘तुझं तर दुसरं विमान होतं,’’ तो म्हणाला.

‘‘बदललं. संध्याकाळी घरी यायचं होतं मला.’’

त्याने कपातला शेवटचा घोट घेतला. ‘‘मी मुद्दाम नाही गं...’’

‘‘मुद्दामच. रोस्टर बघून.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘तोंडावर जमलं नसतं. तू दारातच बॅग घेतली असतीस. खाली टॅक्सीपर्यंत आणून दिली असतीस. तुला सोडून जायचं तर तेही तूच उचलून दिलं असतंस.’’

तिला हसू आलं, आणि हसता हसता नाक गळायला लागलं. कागदी रुमालांचा गठ्ठा शेजारीच होता, तिने त्यातला एक ओढला. ‘‘मी वाईट काय केलं, ते तरी सांग.’’

‘‘काहीच नाही. तेच तर ना. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.’’

‘‘ताई काय तुला पोती उचलायला लावणार आहेत? त्या तर माझ्या वरताण. पाण्याचा पेला हातात देतील.’’

‘‘देऊ दे ना. तिच्याकडे मी पाहुणा. पाहुण्याच्या हातातलं घेतलं तर त्याला बरंच वाटतं.’’ मागच्या शौचालयाचं दार उघडून कुणीतरी गेलं. ‘‘आपल्या घरात पाहुणा होऊन राहायला लागलं की माणूस कुठे जाणार, सांग बरं.’’

तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी रात्री उठून तुझा श्वास ऐकते. तू मधल्या वाटेत गुडघ्यांवर बसलास ना, तेव्हापासून मी तुला तिथून उचलतेच आहे, रोज उचलते आहे, आणि तू उठतच नाहीस. यातलं बाहेर काहीच आलं नाही, आलं ते एवढंच, ‘‘मी नाही घेणार. यापुढे तुझ्या हातातलं काही म्हणजे काही घेणार नाही. शिकेन मी. तू फक्त परत ये.’’

‘‘तुला नाही जमायचं गं,’’ तो म्हणाला, इतक्या मायेने की तिला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

‘‘जमेल. का नाही जमणार?’’

‘‘हात बघ तुझा.’’

तिने बघितलं. तिचा उजवा हात त्याच्या कपापाशी पोचलेला होता. बोटं कपाला लागत होती. रिकामा कागदी कप, त्यात चमचाभर चहाचा गाळ. हात कधी पुढे झाला ते तिला कळलंसुद्धा नव्हतं. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. मग त्याने कप तिच्या हातात दिला, तिची बोटं त्याच्यावर मिटवली, आणि पडदा सरकवून तो गेला. तिने तो कप कचऱ्यात टाकला नाही, कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला, आणि नव्या मुलीने येऊन ‘‘मॅम, उतरायची तयारी’’ म्हटलं तेव्हा तो तिच्या मुठीत चुरगळलेला होता.

उतरल्यावर ती पुन्हा दारात उभी राहिली. माणसं बाहेर पडू लागली. तो उठला नाही. क्रूमधलं माणूस कधी घाईने उठत नाही, वाट मोकळी होऊ देतं. ओढाओढी, धडपड, कुणाचं तरी कोपर कुणाच्या डोक्याला, असं करत करत केबिन रिकामी झाली, आणि लांब चौदाव्या रांगेत तो एकटा उभा राहिलेला तिला दिसला. त्याने कप्पा उघडला. नवी मुलगी त्याच्या मागे दोन रांगांवर होती. ती पुढे सरकणार तोच त्याने हात करून तिला थांबवलं. वरून बॅग खाली घेणं हे वर ठेवण्यापेक्षा अवघड असतं, सगळं ओझं एकदम अंगावर येतं, हे तिला नीट माहीत होतं. तिचा पाय उचलला गेला. तिने पाठीमागे हात नेऊन दाराशेजारची लोखंडी मूठ पकडली. घट्ट पकडली, बोटं पांढरी होईपर्यंत. जाऊ नकोस, ती स्वतःला म्हणाली. त्याने डाव्या हाताने सीटची पाठ धरली, मग सोडली, दोन्ही हात वर केले. बॅग कप्प्याच्या काठावर आली. एक क्षण ती तिथेच अडली आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने ओठ चावला. मूठ सोडली नाही. बॅग छातीवर आली, त्याने श्वास सोडला, गुडघे वाकवले, आणि बॅग वाटेत खाली टेकली, आवाजसुद्धा न होता.

तो बॅग ओढत पुढे आला. कपाळावर घाम होता आणि चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांत तो असा दिसला नव्हता. शर्ट सुटून स्वेटरखाली लोंबत होता. तो तिच्यासमोर थांबला, तिच्या मागे गेलेल्या हाताकडे, त्या मुठीवर आवळलेल्या बोटांकडे त्याने बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

‘‘जमलं की गं तुला,’’ तो म्हणाला.

तिला वाटलं, आता तो थांबेल. जमलं तर, जमलं ना, मग आता कशाला जायचं? तिने तोंड उघडलं. पण त्याने दांडा धरला होता आणि बाहेर पुलावर त्याचं एक पाऊल पडलंही होतं. ‘‘पुढे पायरी आहे,’’ ती म्हणाली, दारातून प्रत्येकाला सांगतात तसं. ‘‘सावकाश.’’ त्याने मान हलवली. चाकं पायरीवरून खाली उतरली आणि करकर सुरू झाली. तो तिरका होऊन चालत होता, ओझ्याकडे थोडा झुकून, मधेच थांबून हात बदलत होता. हाक मारायला अजून वेळ होता. पण हाक मारली आणि तो थांबला, तर आपण धावत जाऊ आणि आधी त्याच्या हातातली बॅग घेऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दारातच उभी राहिली. मागून नवी मुलगी म्हणाली, ‘‘मॅम, ती मूठ सोडा आता, सगळे उतरले.’’